हायस्कूलची पोरं आणि लोकांची कामं: सोलापुरातले पालक-शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आठवी ते दहावीची काही पोरं दोन तास लोकांच्या कामाला जातात. त्यांची जुळवाजुळव मी आणि दोन पालक मिळून करतो. आमच्या गटाला नाव नाही, बॅनर नाही. दर जूनला शाळा भरल्या की पालक, दुसऱ्या शाळांतले शिक्षक, कधी पोरं स्वतःच तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

स्वयंसेवा म्हणजे शाळेत करतात ते श्रमदानच ना?

थोडं तसं, पण पूर्ण तसं नाही. शाळेचं मैदान झाडायला सांगितलं की पोरं झाडतात, कारण बाई समोर उभ्या असतात. आम्ही काम निवडताना एकच गोष्ट बघतो: हे पोरगं आज आलं नाही तर कुणाचं काही अडेल का? दोनशे पोरांच्या स्वच्छता फेरीत वीस जण गैरहजर राहिले तरी कुणाला पत्ता लागत नाही, आणि हे पोरांना आपल्याआधी कळतं. पुढच्या वेळी ते वीसचे साठ होतात.

मुलं तयारच होत नाहीत. त्यांना काय सांगायचं?

पहिल्या वर्षी मी भाषण दिलं. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, ते सांगितलं. आपल्याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी गेले, तेही सांगितलं. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक दाखवून आणलं. पोरांनी मान डोलावली, टाळ्या वाजवल्या. शनिवारी आले चार. त्यातले दोघं घरी अभ्यास चुकवायला.

चूक माझी होती. कोटणीसांसारखा माणूस ऐकला की चौदा वर्षांच्या पोराला वाटतं, हे आपल्या आवाक्यातलं नाही, आपण टाळ्या वाजवू. त्याला आवाक्यातलं काम लागतं आणि ते त्याच्याच नावावर लागतं. दुसऱ्या वर्षी वर्गाला काहीच सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत एका पोराला गाठलं आणि म्हटलं, "तुला घरी कन्नड बोलता येतं ना? शनिवारी मला दोन तास तू पाहिजेस." तो आला. येताना "एकटा कशाला जाऊ बे" म्हणत शेजारच्या बाकावरच्यालाही घेऊन आला.

तेव्हापासून आमची रीत हीच. सगळ्यांना मिळून आवाहन करायचं नाही, एकेकाला वेगळं विचारायचं. त्याला येणारी एखादी गोष्ट हेरायची, ती मार्कांत बसणारी नसली तर फारच बरं, आणि ती कुणाला तरी हवी आहे हे सांगायचं. सायकल दुरुस्त करता येणारं पोरगं, सुवाच्य अक्षराची मुलगी, आजीच्या हाताखाली वाढलेला आणि म्हाताऱ्यांशी न कंटाळता बोलणारा मुलगा. वर्गात मागे बसणारी पोरं यात फार पुढे असतात, हा माझा अनुभव. हुशार पोरांचे पालक "क्लास आहे" म्हणून आधीच कळवतात.

दहावीचं वर्ष आहे. अभ्यासाचं काय?

दहावीच्या पोरांना आम्ही दिवाळीनंतर बोलवत नाही. त्याआधी आठवड्याला दोन तास जातात, एवढंच. आठवी-नववी हे खरं वय. त्या पोरांचे दोन तास तसेही मोबाईलवर जातात, हे पालकांनाही ठाऊक असतं.

सोलापुरात पोरांना जमतील अशी नेमकी कोणती कामं आहेत?

सर्वांत मोठी ठेव म्हणजे भाषा. आमच्या एका वर्गात घरी मराठी बोलणारी, तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी आणि उर्दू बोलणारी पोरं एकाच बाकावर बसतात. मुंबई-पुण्याकडच्या शाळेत हे सहजी सापडायचं नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपरच्या रांगेत कर्नाटकातल्या इंडीकडून आलेली आजी कन्नडशिवाय काही बोलत नाही आणि खिडकीतल्या माणसाला कन्नड येत नाही, हे दृश्य नवं नाही. तिथे पोरं पाठवायची तर परवानगी आधी घ्यावी, सोबत मोठं माणूस असावं आणि पोरांनी बाहेरच्या रांगेतच थांबावं. वॉर्डात, आजाऱ्याच्या खाटेजवळ पोरांचं काम नाही.

दुसरं काम विडी कामगार आज्यांचं. त्यांना पेन्शन असते ती जेमतेम हजार-बाराशे रुपये, पण वर्षातून एकदा हयातीचा दाखला दिला नाही तर तीही थांबते. सगळा जन्म विड्या वळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीनवर अंगठा लागत नाही. आता मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला, निघतो. मागच्या खेपेला आमचा नववीतला एक मुलगा एका आजीसमोर फोन धरून उकिडवा बसला होता. ॲप म्हणतं डोळे मिचकवा. आजी डोळे मिटायच्या आणि मिटूनच ठेवायच्या, देवापुढे बसल्यासारख्या. चार वेळा फसलं. मग फोन तसाच धरून तो तेलुगूत काहीतरी बोलला आणि स्वतःच जोरजोरात डोळे मिचकवायला लागला. आजी हसत सुटल्या, हसता हसता डोळे मिचकले, दाखला निघाला. निघताना आजींनी त्याच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू कोंबला आणि पुढच्या गल्लीतल्या तिघींचे पत्ते सांगितले.

या कामाला नियम मात्र कडक आहेत. आजीचा ओटीपी आजीच्या फोनवर आणि तिच्या घरच्यांच्या देखत. आधारचा फोटो पोराच्या फोनमध्ये राहता कामा नये. बँकेच्या पासबुकाला हात लावायचा नाही, आजीनं स्वतः पुढे केलं तरी नाही.

तिसरं, झाडं. लावायची नव्हेत, जगवायची. जुलैत सोलापुरात रोपं लावणारे हौशे-गवशे पुष्कळ, आणि मार्चनंतर त्यातल्या किती रोपांना पाणी मिळतं ते आपण बघतोच. एका पोरानं एक झाड पुढच्या पावसापर्यंत टिकवलं तर मला पुरे. लहानांना वाचून दाखवणं, म्हाताऱ्यांचा फोन नीट करून देणं, वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटवणं, ही कामं तर कुठल्याही गल्लीत आहेत.

लेखनिक म्हणजे काय? ते काम शाळकरी मुलांचं आहे का?

हे काम शाळकरी मुलांचंच आहे. ज्या अंध विद्यार्थ्याला किंवा हाताला अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला स्वतः पेपर लिहिता येत नाही, त्याला लेखनिक मिळतो. तो सांगतो, लेखनिक उतरवतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीच्या मुलासाठी नववीचा किंवा त्याखालचा. तुम्ही-आम्ही मोठी माणसं कितीही उत्साही असलो तरी इथे चालत नाही. परवानगी विद्यार्थ्याच्या शाळेमार्फत बोर्डाकडून आधीच काढावी लागते. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि लेखनिकालाही तेवढा वेळ बसावं लागतं. त्याच्या स्वतःच्या शाळेची रजा, डबा, येण्या-जाण्याची सोय हे सगळं आधी ठरवा.

आणि सराव करून घ्या. डिसेंबरपासून दोघांना जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसवावं. आमच्या एका नववीतल्या मुलीला पहिल्या दिवशी वाटलं, यात काय, शुद्धलेखनच तर आहे. अर्ध्या तासात तिला घाम फुटला. तो मुलगा मनात उत्तर जुळवत बोलायचा, मध्येच म्हणायचा, "थांब, मागची ओळ वाच." ती वाचायची. "नाही, 'म्हणून' खोड, तिथे 'कारण' टाक." इतिहासाच्या एका उत्तरात त्यानं साल चुकीचं सांगितलं. तिला बरोबर साल माहीत होतं. तिनं पेन कागदावर टेकवून क्षणभर थांबवलं आणि मग त्यानं सांगितलेलंच लिहिलं. नंतर बाहेर येऊन माझ्यावर चिडली, "बाई, मला येत होतं!" मी म्हटलं, पेपर कुणाचा होता? ती गप्प बसली. फेब्रुवारीपर्यंत दोघांची अशी लय बसली की तो श्वास घ्यायला थांबला की ती ओळ संपवायची.

त्या मुलीला कुणी समाजकार्याचं महत्त्व पटवून दिलं नव्हतं. पुढच्या वर्षी ती स्वतः दहावीला गेली, आता तिचं लेखनिक होणं नियमात बसत नव्हतं, म्हणून तिनं आठवीतल्या आपल्या चुलत बहिणीला ओढत आणलं.

आमची मुलं आधीच घरात राबतात. ही सुखवस्तूंची हौस नाही का?

हा प्रश्न एका आईनं विचारला तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं. पूर्व भागात शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून आईची विडीची पानं कापायला बसते, कुणी टॉवेलच्या घड्या घालतं, कुणी युनिफॉर्मच्या शर्टांना बटणं लावतं. त्यात पाण्याचा दिवस. सोलापूरला नळाचं पाणी रोज येत नाही. काही दिवसांनी ज्या दिवशी येतं, त्या दिवशी घरातलं एक पोर घागरी, बादल्या, पिंप भरायला अडकलेलंच असतं. अशा पोराला "समाजासाठी दोन तास दे" म्हणणं उद्धटपणाचं होईल.

म्हणून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, घरचं काम हेही काम धरतो. न आलेल्या पोराला "का नाही आलास" असं चारचौघांत विचारत नाही. दोन, ज्या घरांना मदतीची गरज आहे त्याच घरांतली पोरं मदत करणारीही असतात, हे गृहीत धरून काम ठरवतो. वरच्या प्रसंगातला नववीचा मुलगा विडी कामगाराचाच नातू. दाखला कसा निघतो ते तो आधी स्वतःच्या आजीसाठी शिकला. बंगल्यातल्या पोरांना गरिबांची वस्ती दाखवायला नेणं हा प्रकार आम्ही करत नाही. एकदा केला होता. वस्तीतली आमचीच पोरं त्या दिवशी घरात लपून बसली.

ही बालमजुरी होत नाही ना?

पैसे, नफा आणि कुणा मालकाचं काम यापासून लांब राहिलात तर नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामांना बंदी. आमची साधी फूटपट्टी अशी की ज्या कामाला एरवी पगारी माणूस ठेवला असता, ते काम पोरांकडून फुकट करून घ्यायचं नाही. एका लग्न कार्यालयवाल्यानं "पंगतीला वाढायला तुमचे स्वयंसेवक द्या, सेवाच आहे" असं सांगून बघितलं होतं. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मुलीला पाठवायचं तर सुरक्षित आहे का?

मुलीला आणि मुलालाही, हा प्रश्न दोघांसाठी विचारा. कुणाच्याही घरी पोर एकटं जात नाही, दोघं-तिघं आणि जवळपास एक मोठं माणूस. अंधार पडायच्या आत घरी. नवीन ठिकाण असेल तर आधी आम्ही जाऊन येतो. कुणी हात लावला, काही विचित्र बोललं, तर पोरानं काम टाकून निघून यायचं, परवानगी विचारायची नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ हवा. आणि कुठलीही संस्था "पालकांनी यायची गरज नाही" असं फार आग्रहानं सांगत असेल, तर पोराला तिथे पाठवूच नका.

प्रमाणपत्र मिळतं का? मार्क वाढतात का?

आमच्याकडे दोन्ही नाही. स्काऊट-गाईड आणि एनसीसीत ठराविक पातळी गाठली तर दहावीला सवलतीचे गुण मिळू शकतात, त्याची चौकशी शाळेत करावी. प्रमाणपत्र मागणाऱ्या पालकांवर माझा राग नाही, पुढे कुठे प्रवेशाला उपयोगी पडेल असं त्यांना वाटतं. पण आम्ही एक वर्ष छापील प्रमाणपत्रं दिली होती. वाटप जानेवारीत झालं, फेब्रुवारीत निम्मी पोरं गायब. आता पोराकडे एक शंभर पानी वही असते, गेलेला दिवस आणि केलेलं काम त्यानं स्वतःच्या अक्षरात दोन ओळींत लिहायचं. एवढंच.

एनएसएस, एनसीसी, स्काऊट, आरएसपी यांत फरक काय?

आरएसपी म्हणजे शाळेतलं रस्ता सुरक्षा दल, वाहतुकीचे नियम शिकवतं. स्काऊट-गाईडमध्ये गाठी, तंबू, प्रथमोपचार आणि सेवा. एनसीसीच्या ज्युनिअर विभागात आठवी-नववीच्या सुमारास जाता येतं, तिथे कवायत आणि शिस्तीवर भर. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. ती कॉलेजची. ज्या ज्युनिअर कॉलेजात तिचं युनिट आहे तिथे अकरावीपासून मिळते, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तुमच्या शाळेत यांतलं काही असेल तर आधी तिकडे जा. नसेल तर हात बांधून बसू नका.

गड्ड्याच्या यात्रेत मुलांना काम देता येईल का?

येईल, पण गर्दीच्या पोटात नको. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हाची गर्दी मोठ्यांनाही आवरत नाही. पोरांना होम मैदानाच्या कडेला ठेवा. आमचं ठरलेलं काम एकच: लहान लेकरांना घेऊन आलेल्यांना थांबवून, लेकराच्या खिशात आई-बापाचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घालायची. कागद, पेन आणि गोड बोलणं, एवढंच भांडवल. फ्रॉकला खिसा नसतो हे पहिल्या वर्षी लक्षात आलं नाही, आता सोबत सेफ्टी पिना असतात. यात्रा ओसरली की एक सकाळ सिद्धेश्वर तलावाच्या काठाला, पण काठावरच. पाण्यात कुणी उतरायचं नाही.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला येते तेव्हाही कामं निघतात. तिथे वाटप करणारे इतके असतात की केळी घेणारे वारकरी कमी पडतात. पोरांना केळाची सालं आणि पत्रावळ्या गोळा करायला लावा, ते करणाऱ्यांची टंचाई असते.

मुलं रक्तदान करू शकतात का?

नाही. वय १८ पूर्ण लागतं. शिबिरात नावं लिहून घेणं, सरबत देणं चालेल.

मे महिन्याच्या सुट्टीत उपक्रम घ्यावा का?

सोलापूरचा मे बघितलाय ना? पारा चाळिशीच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. सकाळी सात ते नऊ झाडांना पाणी, पक्ष्यांच्या भांड्यांत पाणी, बस्स. निम्मी पोरं आजोळी गेलेली असतात ती वेगळीच. आमचा खरा हंगाम दिवाळी ते संक्रांत. ऊन मवाळ असतं, आणि काम संपल्यावर कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा उघडला की पोरं घरी जायचं नाव घेत नाहीत.

फोटो काढून ग्रुपवर टाकले तर चालतील ना?

झाडाचे टाका. आजीचे, लेकरांचे, अंध मुलाचे नको. मदत घेणाऱ्याचा चेहरा दाखवायची आपल्याकडे फार खोड आहे. पोरांनी तेवढी एक तरी खोड उचलू नये, असं मला वाटतं.

दोनदा गेला आणि आता नको म्हणतो. काय करू?

जाऊ दे म्हणा. पण काम नको झालंय की ठिकाण, ते विचारा. एक मुलगा वाचून दाखवायला कंटाळला होता, कारण त्याला स्वतःलाच नीट वाचता येत नव्हतं आणि छोटी पोरं हसत होती. त्याला सायकलीच्या कामाला लावलं. आता तोच सगळ्यांच्या आधी येऊन कट्ट्यावर बसलेला असतो.

आम्हालाही सुरू करायचंय. पहिल्या शनिवारी काय करावं?

दोन पोरं, एक काम, एक मोठं माणूस. मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, पालकांची लेखी परवानगी घ्या, नाश्त्याचा डबा ठेवा. उद्घाटन करू नका, नारळ फोडायला पाहुणा शोधण्यात जुलै निघून जातो. ज्यांच्याकडे जायचं त्यांना शुक्रवारी फोन करून आठवण द्या. आणि शनिवार पक्का करायच्या आधी त्या दोन पोरांच्या गल्लीत पाण्याचा दिवस कधी आहे, ते विचारून घ्या.